छातीतला आवाज ऐकणारे डॉ. लेनेक



पावसाळा सरता सरता कल्याण-डोंबिवलीतल्या दवाखान्यांत खोकल्याच्या रुग्णांची रांग लागते. डॉक्टर छातीवर, मग पाठीवर स्टेथोस्कोप ठेवतात आणि जोरात श्वास घ्यायला सांगतात. छातीतल्या आवाजांचा अर्थ लावायला ज्यांनी साऱ्या जगाला शिकवले, त्या डॉ. रेने लेनेक यांच्याविषयी आज थोडे लिहीत आहोत.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, कँपेर गावी १७ फेब्रुवारी १७८१ रोजी त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच वारली. नाँत शहरातल्या डॉक्टर काकांनी त्यांना वाढवले. फ्रेंच राज्यक्रांतीचे दिवस होते. काकांच्या घरासमोरच्या चौकातच गिलोटिन उभे होते. अशा वातावरणात हा मुलगा काकांच्या मागे रुग्णालयात फिरू लागला. १८०१ मध्ये ते पॅरिसला आले आणि दोनच वर्षांत वैद्यक व शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत त्यांनी पारितोषिके मिळवली. धर्माची थट्टा करणे ही तेव्हा शिकलेल्यांची फॅशन होती. लेनेक मात्र उघडपणे मिस्साला जात.

१८१६ मध्ये ते पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रुजू झाले. तेथे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक स्थूल तरुणी तपासणीस आली. छातीला कान लावून ऐकण्याची पद्धत होती, पण एका तरुण स्त्रीच्या बाबतीत ते त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडी ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे कानाला लावले. हृदयाचे ठोके कान लावून ऐकण्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आले. पुढे लाकडाच्या नळ्या ते स्वतः लेथवर कातून बनवू लागले. त्या नळीला त्यांनी स्टेथोस्कोप हे ग्रीक नाव दिले. शब्दशः अर्थ छाती पाहणे! सेमिनरीत ग्रीक शिकताना आम्हाला याची गंमत वाटे. ऐकण्याच्या साधनाला पाहण्याचे नाव.

पण नळी सापडणे हे काम सोपेच म्हणायचे. खरे कष्ट त्यापुढचे. रुग्ण जिवंत असताना ऐकलेला प्रत्येक आवाज ते लिहून ठेवत, आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून फुप्फुसात काय बिघडले होते ते पाहत. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल तर रुग्णाचे बोलणे थेट छातीतूनच नळीत आल्यासारखे वाटते, हे त्यांनी अशाच ताळ्यातून दाखवून दिले. न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती साचलेले पाणी, फुगलेल्या श्वासनलिका, हे सारे त्यांनी असेच वेगवेगळे ओळखले. १८१९ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. तोवर प्रकृती इतकी ढासळली होती की पॅरिस सोडून गावी जावे लागले.

परतल्यावर १८२२ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मिळाले आणि पुढच्याच वर्षी शारिते रुग्णालयात अध्यापन सुरू झाले. परदेशांतून विद्यार्थी येत. त्यांच्यासाठी ते रुग्णाच्या खाटेपाशी लॅटिनमध्ये शिकवत. राजनिष्ठ आणि कॅथलिक म्हणून त्यांना पदे मिळाली, अशी टीकाही झाली. ती अगदीच निराधार नव्हती. पण ग्रंथ आधी आला आणि पद मागून, हेही खरे.

एका बाबतीत मात्र त्यांचे चुकले. क्षयरोग संसर्गजन्य नाही, दीर्घकाळच्या दुःखाने तो बळावतो, असे त्यांचे मत होते. एका नव्या, फार कडक नियमांच्या मठात ते दहा वर्षे धर्मभगिनींना तपासत होते. त्या काळात जवळजवळ सगळ्या भगिनी क्षयाने गेल्या. वाचल्या त्या मुख्यतः मठाच्या प्रमुख, आणि दार, बाग, स्वयंपाकघर व आजाऱ्यांची खोली सांभाळणाऱ्या. यांच्या मनाला विरंगुळा होता, म्हणून या वाचल्या, असा त्यांनी निष्कर्ष काढला. बंद खोलीत एकीचा खोकला दुसरीपर्यंत पोहोचत असेल, हे त्यांच्या लक्षात आले नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो १८८२ मध्ये.

त्यांना दोष देताना आमची जीभ अडखळते. आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघरी जातो तेव्हा आजही क्षयाचे नाव दबक्या आवाजात कानावर येते. मुलीला खूप टेन्शन होते म्हणून झाले, असे सांगतात. लग्न मोडेल या भीतीने तपासणी लांबवली जाते. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, तरी.

१८२६ च्या वसंतात लेनेक स्वतः खोकू लागले, ताप उतरेना. त्यांनी नात्यातल्या डॉ. मेरियादेक याला आपल्या छातीला नळी लावायला सांगितले. त्याने जे ऐकू आले ते सांगितले. त्याचा अर्थ विचारण्याची लेनेक यांना गरज नव्हती. असे आवाज त्यांनी शेकडो छात्यांत ऐकले होते. ते ब्रिटनीला परतले आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, क्षयानेच वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपली कागदपत्रे, घड्याळ आणि ती लाकडी नळी मेरियादेकच्या नावे केली होती.

– आपला धर्मगुरू