कुमारी मेरी कार्पेंटर

परीक्षांत यश मिळविलेल्या ज्ञातिबांधवांच्या मुलामुलींची नावे व छायाचित्रे आपण स्मरणिकेत प्रतिवर्षी अभिमानाने पाहतो. परंतु ज्याचे पाऊल वाकडे पडले, त्या मुलाचे नाव घरातही दबल्या आवाजातच घेतले जाते. अशा मुलांसाठी जिने आयुष्य वेचले, त्या साध्वीचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मेरीबाईंचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. वडील डॉ. लँट कार्पेंटर हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. १८१७ मध्ये हे कुटुंब ब्रिस्टल नगरीत आले. तेथे वडिलांच्या शाळेत मुलांच्या बरोबरीने मेरीबाईंनी लॅटिन, ग्रीक व गणित यांचे अध्ययन केले. १८३३ मध्ये राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला आले, तेव्हा त्यांचा परिचय घडला. त्याच वर्षी राजांचे तेथेच देहावसान झाले; परंतु मेरीबाईंच्या मनातील भारताविषयीची आस्था अखेरपर्यंत टिकली.

त्या काळी किरकोळ चोरीसाठी कोवळी मुलेही प्रौढ कैद्यांसमवेत तुरुंगात जात आणि अधिकच निर्ढावून बाहेर पडत. १८४६ मध्ये मेरीबाईंनी ब्रिस्टलच्या दरिद्री वस्तीत अनाथ व भटक्या मुलांसाठी शाळा काढली. शाळेतील मुले तुरुंगाच्या वाटेला लागताना पाहून त्यांनी १८५१ मध्ये सुधारशाळांवर ग्रंथ लिहिला. गरिबांसाठी मोफत शाळा, भटक्यांसाठी उद्योगशाळा आणि गुन्हा शाबीत झालेल्यांसाठी सुधारशाळा अशी त्रिविध व्यवस्था त्यांनी त्यात मांडली. मुलाला शासनापेक्षा घराची अधिक गरज असते, हे त्यांच्या विचारांचे सार होय.

केवळ लिहून त्या थांबल्या नाहीत. १८५२ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे त्यांनी सुधारशाळा सुरू केली. १८५४ मध्ये कवी बायरन यांच्या विधवा पत्नीने विकत घेतलेल्या 'रेड लॉज' या जुन्या वाड्यात खास मुलींची शाळा निघाली. तेथे लेखन-वाचनाबरोबर शिवणकाम, धुलाई व गृहकृत्ये शिकविली जात; कारण बाहेर पडल्यावर स्वकष्टाची भाकरी मिळाली नाही, तर सारा उपदेश व्यर्थ, हे त्या जाणून होत्या. त्या स्वतः अविवाहित राहिल्या आणि १८५८ मध्ये एका बालिकेला त्यांनी दत्तक घेतले.

१८५४ च्या कायद्याने इंग्लंडात सुधारशाळांना मान्यता मिळाली. तथापि मुलाने प्रथम निदान चौदा दिवस तुरुंग भोगलाच पाहिजे, ही त्यातील अट मेरीबाईंना सलत राहिली. ज्या संगतीपासून मूल वाचवायचे, तिच्यातच आधी त्याला लोटावयाचे, हा कोठला न्याय? ही अट पूर्णपणे जाण्यास १८९९ साल उजाडले. तोवर मेरीबाई हयात नव्हत्या.

१८६६ पासून त्या चार वेळा भारतात आल्या. स्त्रीशिक्षण व तुरुंग-सुधारणा हे त्यांचे येथील मुख्य विषय. येथील कार्यात धर्मप्रसारास थारा न देण्याचा त्यांचा कटाक्ष होता. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारसंस्था १८५७ पासूनच उभी होती. परंतु देशभर अशा शाळांसाठी कायदा व्हावा म्हणून मेरीबाईंनी सरकारदरबारी आग्रह धरला. १८७६ मध्ये तसा कायदा झाला. पुढल्याच वर्षी, १४ जून १८७७ रोजी, ब्रिस्टल येथे त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे २०१५ चा बालन्याय कायदा आहे. निरीक्षणगृहे आहेत, तेथे शिक्षण व व्यवसायशिक्षण देण्याची तरतूद आहे. परंतु तेथून परतलेल्या मुलाला काम कोण देणार? पंगतीत शेजारी कोण बसविणार? हे कोणताही कायदा करू शकत नाही. ते आपणच करावयाचे आहे. आपल्यापैकी एखाद्या दुकानदाराने वा कारखानदाराने असा एक मुलगा जरी हाताशी धरला, तरी मेरीबाईंचे स्मरण सार्थकी लागले असे आम्ही समजू.