टोपीची पिन आणि तीन चाकं

मर्सिडीज-बेंझ हे नाव उच्चारलं की डोळ्यांपुढे ऐट येते, चांदणीचं चिन्ह येतं आणि किंमत आठवून हसूही येतं. यातलं 'मर्सिडीज' हे एका मुलीचं नाव आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याने डाइमलर कंपनीच्या गाड्यांना आपल्या लेकीचं नाव दिलं होतं. 'बेंझ' हे आडनाव कार्ल बेंझ यांचं. म्हणजे अर्धं नाव लाडक्या लेकीचं आणि अर्धं कर्त्या पुरुषाचं. पण जिच्या पैशांनी कारखाना तरला आणि जिने ही गाडी पहिल्यांदा लांब रस्त्यावर नेऊन दाखवली, त्या बाईचं नाव काही त्या गाडीला लागलं नाही. ती बर्था.

आज तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. ते पुढे सांगते. आधी तिची गोष्ट.

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्ट्झहाइम गावचा. वडील बांधकामातले, खाऊनपिऊन सुखी. पुन्हा मुलगीच झाली म्हणून वडिलांनी घरच्या बायबलमध्ये खंत लिहून ठेवली होती, असं सांगतात. वाचून वाटलं, आपल्याकडचीच गोष्ट आहे की ही! १८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्ल बेंझशी ओळख झाली. कार्ल इंजिनीअर, हुशार, पण खिसा रिकामा. घोड्यावाचून चालणारी गाडी बनवायची, एवढंच त्याच्या डोक्यात.

१८७१ मध्ये कार्लने मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला. भागीदारी काही जमली नाही, धंदा अडचणीत आला. तेव्हा बर्थाने एक धाडस केलं. लग्नात मिळणारे पैसे तिने लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतले आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कार्लला मोकळं केलं. २० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं.

हुंड्याचं नाव काढलं की आम्हा संस्थेत काम करणाऱ्या बायकांच्या कपाळावर आठी उमटते. पण इथे तो कोणी मागितला नव्हता. आपले पैसे कशात घालायचे, हे मुलीने स्वतः ठरवलं होतं. मात्र गंमत पाहा. लग्नाआधी तिला गुंतवणूक करता आली आणि लग्न झाल्यावर तो हक्क गेला. तिथल्या त्या वेळच्या कायद्यात बायकोच्या पैशांवर नवऱ्याची सत्ता चाले. त्यामुळे पैसा तिचा आणि पाटी त्याची, असा संसार सुरू झाला.

पुढची वर्षं ओढाताणीची गेली. पाच मुलं झाली आणि कर्जही झालं. १८७९ च्या वर्षअखेरच्या रात्री जेवण झाल्यावर बर्थाने कार्लला पुन्हा एकदा कारखान्यात जाऊन बघायला लावलं, आणि कितीतरी दिवस हट्टाला पेटलेलं ते इंजिन त्या रात्री सुरू झालं. नवराबायको बराच वेळ नुसता त्याचा आवाज ऐकत उभी राहिली म्हणे. अशी रात्र ज्यांच्या संसारात एकदा तरी आली असेल, त्यांना निराळं सांगायला नको.

२९ जानेवारी १८८६ या तारखेचं पेटंट कार्लला मिळालं. गाडी तीन चाकांची, इंजिन मागे, पेट्रोलच्या जातीच्या इंधनावर चालणारी. पेटंटवर अर्थात कार्लचंच नाव. पण गाडी घेतो कोण? लोक बघायला यायचे, हसायचे, निघून जायचे. कार्लला अजून हे सुधारायचं होतं, ते बदलायचं होतं. गाडी पूर्ण झाली असं त्याला कधी वाटेचना. घरात पैसा येत नव्हता तो नव्हताच.

मग १८८८ चा ऑगस्ट उजाडला. शाळांना सुटी होती. एके दिवशी भल्या पहाटे, कार्ल झोपेत असताना, बर्था आणि तिचे दोन मोठे मुलगे, ऑयगेन आणि रिचर्ड, गाडी घेऊन निघाले. बर्था तेव्हा एकोणचाळीस वर्षांची, मुलं अजून शाळकरी. जायचं कुठे, तर माहेरी! मानहाइमहून फोर्ट्झहाइम, सुमारे १०६ किलोमीटर. तोवर अशी गाडी कोणी इतकी लांब नेलीच नव्हती. गावातल्या गावात चक्कर मारायची आणि घरी आणून लावायची, एवढंच. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे, वाटेत पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, पाटी नाही.

इंधन लवकरच संपत आलं. त्या वेळी लिग्रॉइन नावाचं द्रव औषधाच्या दुकानात डाग काढण्यासाठी मिळे. वीस्लोख गावात औषधवाल्याकडून बर्थाने तेच विकत घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आजही मिरवलं जातं. इंधनाची नळी तुंबली, तर हिने टोपीला लावायची लांब पिन काढून ती साफ केली. ठिणगीच्या तारेवरचं वेष्टण झिजलं, तर पायमोज्याचा बंद काढून तारेला गुंडाळला. ब्रुक्साल गावी साखळीचं काम लोहाराकडून करून घेतलं. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंजिन तापे, त्यात वरचेवर पाणी ओतावं लागे. चढ आला की गाडी दम टाकी. मग खाली उतरून ढकला! अंधार पडता पडता तिघं माहेरच्या गावी पोचली आणि तिने कार्लला तार केली.

काही दिवसांनी ती गाडी घेऊनच परतली, आणि नवऱ्याला अनुभवाचं गाठोडं दिलं. चढासाठी आणखी एक गिअर हवा. ब्रेकला चामड्याचं अस्तर हवं. कार्लने तसे बदल केले. कागदावरच्या यंत्राचं रोज वापरायच्या वस्तूत रूपांतर झालं, ते असं. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं आणि १९०० सालापर्यंत बेंझ कंपनी जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली होती.

पुढे १९०३ मध्ये कार्ल कंपनीच्या कामातून बाजूला झाला, कुटुंब लाडेनबुर्ग गावी राहायला गेलं. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या. १९२९ मध्ये कार्ल गेला. बर्था त्याच्यामागे पंधरा वर्षं जगली. कार्लचं शिक्षण जिथे झालं, त्या कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठाने तिच्या ९५ व्या वाढदिवशी तिला मानद सदस्यत्व दिलं. तिच्या तरुणपणी तिथे मुलींना प्रवेशसुद्धा नव्हता. सन्मान आला ३ मे १९४४ ला, आणि ५ मेला ती गेली. २००८ पासून तिच्या त्या प्रवासाचा रस्ता जर्मनीत तिच्या नावाने ओळखला जातो.

आता हे सगळं मला का आठवलं, ते सांगते.

आमच्या महिला मंडळात येणाऱ्या एका ताईंचे यजमान मागे अचानक गेले. गाडी सोसायटीत उभी. ताईंना गाडी चालवता येत होती, पण गाडीचं सगळं काही यजमानच बघत. अडीच महिन्यांनी त्यांनी किल्ली फिरवली, तर नुसतं टिकटिक. बॉनेट कुठून उघडतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आरसी बुक यजमानांच्या नावावर. कोणीतरी सांगितलं, गाडी आता कामातून गेली, विकून टाका. त्यांनी मिळेल त्या किमतीला दिली. गाडीला झालं काय होतं? बॅटरी उतरली होती, बस्स.

त्या दिवसापासून मी जिथे जाते तिथे हे सांगत असते. आणि आमच्याकडेही अनुभव निराळा नाही. गाडी रोज मी चालवते, बिल मी भरते, पण गॅरेजमधून फोन येतो तो ह्यांना!

बर्थाच्या गाडीतही बॅटरी होती बरं का, पण ती फक्त ठिणगीपुरती. इंजिन सुरू करायला मागचं जड चाक हाताने गरगरा फिरवावं लागे. नंतर हँडल आलं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनीअरने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, आणि बायकांना कोणाची वाट न बघता गाडी सुरू करता येऊ लागली. ही सगळी करामत शिसं आणि आम्ल यांच्या बॅटरीची. ती बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली. आपल्या गाडीत बहुधा तिचीच वंशज बसलेली असते. आपण लोणच्याच्या बरणीची जितकी काळजी घेतो, तितकी तिची घेतली तरी पुरे.

गाडी नुसती उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी फिरवून आणा. पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवलं तर सुरू करताना खर्ची पडलेली वीजही नीट भरून निघत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमते. ती साफ करायची तर इंजिन बंद करून आधी ऋण टोकाची वायर काढायची, मग धन टोकाची. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासायचं, पुसून कोरडं करायचं. जोडताना उलटं, म्हणजे आधी धन, मग ऋण. वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. हातमोजे घालायला विसरू नका, आत आम्ल असतं. पाणी घालायची बॅटरी असेल, तर त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, झेंडूचा हारही घाला, पण उघड्या बॉनेटपाशी उदबत्ती नेऊ नका. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघू शकतो. साधारण तीन ते पाच वर्षांत बॅटरी थकते, आपल्या उन्हाळ्यात त्याच्याही आधी. सकाळी इंजिन कुंथायला लागलं की समजायचं. विजेवरच्या गाडीतही मोठ्या बॅटरीखेरीज सहसा एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असतेच. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

आणि हल्ली गाडीत काय काय असतं! कॅमेरा, फोनचा चार्जर, गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र. इंजिन बंद असतानाही यांतलं काही ना काही गुपचूप वीज पीत असतं. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर जे काढता येईल ते काढून ठेवा.

ही नवी यंत्रं सोयीची आहेत, नाही कशाला म्हणू? रात्री लेक एकटी परतत असली की फोनवर तिची गाडी पुढे सरकताना दिसते, जिवाला बरं वाटतं. पण कधी कधी मनात येतं, कार्लच्या फोनवर पहाटे पाच वाजता गाडी हलल्याचा निरोप गेला असता, तर बर्था वेशीपर्यंत तरी पोचली असती का? तिने तार केली ती पोचल्यावर, आणि तिच्या मनाने. म्हणून ते ॲप घरात कोणाच्या फोनवर आहे, आणि गाडी चालवणारीच्या फोनवरही आहे की नाही, हे एकदा बघून घ्या. काळजी आणि पाळत यांत फरक असतो, तो बोलूनच ठरवावा लागतो.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते आज बघा. ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला आता वारस म्हणून नाव नोंदवून ठेवता येतं, २०२१ मध्ये नियमांत तशी सोय झाली. मालक गेल्यास ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा. आमच्या ताईंना हे कोणी सांगितलं असतं, तर गाडी आज त्यांच्या दारात असती.

बर्थाकडे कागद नव्हता, हक्क नव्हता. होती टोपीची पिन, आणि गाडीला हात लावायची हिंमत. आपल्याकडे कायदा आहे, कागद आहे. तेव्हा या रविवारी पोहे झाले की खाली उतरा, बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे तो शोधा. लेकीलाही बरोबर न्या.