शाहू महाराजांनी मागितलेला तिमाही हिशेब

२६ जुलै आला की गावोगावी राजर्षी शाहू महाराजांच्या १९०२ च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्याचे स्मरण होते. पन्नास टक्के हा आकडा आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मात्र त्याच जाहीरनाम्यातील एका कलमाकडे आमच्या वक्त्यांचे सहसा लक्ष जात नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या खात्यात झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असे ते कलम. आमच्या मते महाराजांच्या राज्यकारभाराचे मर्म या रुक्ष वाटणाऱ्या तक्त्यात आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. पुढची दहा वर्षे कारभार दुसऱ्यांच्या हाती होता. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली तेव्हा महाराज वीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी काय पाहिले? सामान्य प्रशासनात ७१ अधिकारी, त्यांपैकी ६० ब्राह्मण. कारकून ५००, त्यांपैकी ४९० ब्राह्मण. राजा छत्रपतींच्या घराण्याचा, प्रजा शेतकरी, कष्टकरी आणि अस्पृश्य, आणि या दोघांच्या मध्ये लेखणी धरून बसलेली एकच जात! राजाचा हुकूम रयतेपर्यंत जायचा तो याच लेखणीतून आणि रयतेचा अर्ज राजापर्यंत यायचा तोही याच लेखणीतून. वाटेत काय गाळायचे हे लेखणी ठरवणार.

तरुण राजाने आरडाओरडा केला नाही. त्याने माणसे शोधायला सुरुवात केली. १८९५ मध्ये उच्चशिक्षित भास्करराव जाधवांना दरबारच्या सेवेत घेतले. पण अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, कारण शिक्षणाची दारेच बंद होती. म्हणून १९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. पुढे १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. नोकरीत राखीव जागा आणि त्या जागांसाठी मुले तयार करणे ही दोन्ही कामे महाराजांनी एकाच वेळी हाती घेतली. एकाशिवाय दुसरे लंगडे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दरम्यान वेदोक्त प्रकरण घडले. गादीवर बसलेल्या राजालाही पुरोहित शूद्र ठरवतो, हा अनुभव महाराजांनी घेतला, आणि सामान्य माणसाचे काय होत असेल हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

१९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले असताना करवीर गॅझेटमध्ये तो जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथे पुढची पहिलीच नेमणूक त्यांच्यातील माणसाची करायची. आणि या सगळ्याचा तिमाही तक्ता. राजाज्ञा छापून फायलीत बांधून ठेवायची, हा कारकुनी कावा महाराज ओळखून होते. तक्ता आला की टाळाटाळ करणाऱ्या खातेप्रमुखाचे नाव आपोआप उघडे पडते. हुकूम गॅझेटात छापलेला, म्हणजे तो सर्वांसाठी उघडा. साहजिकच पुण्याच्या केसरीने टीका केली. लायकीचा प्रश्न तेव्हाही पुढे आला. ५०० पैकी ४९० जागा एका जातीकडे होत्या तेव्हा हा लायकीचा प्रश्न कुठे दडी मारून बसला होता, हे विचारण्याची सोय तेव्हा नव्हती. आज आम्ही विचारतो.

१९१२ पर्यंत चित्र पालटले. ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ राहिले. मात्र इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले, अशी जाहीरनाम्याची व्याख्या होती. त्यामुळे उरलेल्या ६० मध्ये महार, मांग, चांभार किती हे या आकड्यावरून कळत नाही. महाराजांबद्दल आमचा आदर अपार आहे, पण आकडा वाचताना त्याच्या पोटात शिरून वाचावा.

महाराजांनाही ही उणीव जाणवत असावी, कारण त्यांचे पुढचे निर्णय थेट अस्पृश्यांपर्यंत पोहोचले. १९१८ मध्ये त्यांनी वंशपरंपरागत कुलकर्णी वतन मोडले आणि गावोगाव पगारी तलाठी नेमण्याची नवी व्यवस्था आणली. गावचे दप्तर बापाकडून मुलाकडे जाणे थांबले. कुलकर्ण्यांनी परिषदा भरवल्या, इंग्रज सरकारचे दार ठोठावले. महाराज हलले नाहीत. तलाठ्याच्या या जागांवर त्यांनी अस्पृश्यांनाही बसवले. ज्या चावडीबाहेर महाराने हात जोडून उभे राहायचे, त्याच चावडीतले दप्तर त्याच्या हाती आले! त्याच वर्षी महार वतन रद्द करून महारांना वेठबिगारीतूनही मोकळे केले.

नेमणूक झाली तरी कचेरीत छळ होतोच, हे नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना सांगायला नको. १९१९ मध्ये महाराजांनी त्यावरही हुकूम काढला. सेवेत आलेल्या अस्पृश्यांना ज्या अधिकाऱ्याला समतेने वागवायचे नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. पेन्शन मिळणार नाही. पेन्शनवर घाव बसल्याशिवाय जातीचा अभिमान उतरत नाही, हे ओळखणारा दुसरा राज्यकर्ता आमच्या पाहण्यात नाही.

१९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून गौरवले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत वयाच्या ४७ व्या वर्षी महाराज गेले.

आज फेररचनेच्या नावाखाली कंत्राटी भरती येते, थेट सचिवालयातल्या जागांची जाहिरात निघते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रातील ४५ जागांची अशी जाहिरात आरक्षणाविना निघाली आणि ओरड झाल्यावर तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. जाहिरात निघाली म्हणून ती दिसली. जिथे जाहिरातच निघत नाही, तिथला तक्ता कोण मागणार?

बाबासाहेबांनी तो मागितला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होताच त्यांनी सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्य किती आहेत याचा हिशेब निवेदनात मांडून सरकारपुढे ठेवला. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. कोल्हापूरच्या ६० च्या आकड्यात जे वेगळे दिसत नव्हते, त्यांची इथे स्वतंत्र मोजणी झाली.