पुणतांब्याचा अण्णा आणि ईना मीना डीका

पन्हाळ्यावर पावसाळ्यात लाईट गेली की हॉस्टेलवर करण्यासारखी दोनच कामं उरतात. एक झोपणं, दुसरं भेंड्या. बाहेर धुकं असं उतरलेलं असतं की शेजारची विंगसुद्धा दिसत नाही. कॉरिडॉरमध्ये मेणबत्ती लावून सिव्हिल विरुद्ध मेकॅनिकल असा सामना सुरू होतो. आणि कधीतरी कुणावर तरी 'ई' येतो. मग काय, दोन्ही पार्ट्या भांडण विसरून एकच गाणं ओरडायला लागतात... ईना मीना डीका!

तुम्ही अनुभव घेतलाच असेल. गाणं १९५७ सालचं. आपल्यातल्या कुणाचाच तेव्हा जन्म नव्हता, बऱ्याच जणांच्या वडिलांचाही नव्हता. तरी सगळ्यांना पाठ. एकदा अशाच भेंड्यांत एका दोस्तानं शंका काढली, की हे गाणं इंग्रजीवरून ढापलेलं आहे. ढापलं कुणी, कुणाचं, आणि ज्याचं ढापलं त्यानं ते कुठून आणलं होतं? या तीन प्रश्नांचा पाठपुरावा करताना जो माणूस सापडला, त्याची ही गोष्ट.

त्याचं नाव रामचंद्र नरहर चितळकर. लोक त्याला सी. रामचंद्र म्हणून ओळखतात, जवळचे अण्णा म्हणायचे. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. म्हणजे रॉक अँड रोल भारतात आणणारा माणूस न्यूयॉर्कचा नव्हे, गोदाकाठचा!

लहानपणी गाणं शिकला ते अगदी रीतसर. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे, पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे गांधर्व महाविद्यालयात. पण डोक्यात होतं हिरो व्हायचं. १९३५ मध्ये 'नागानंद' नावाच्या चित्रपटात नायकाची भूमिका मिळालीही. चित्रपट आपटला. हिरो एकदम एक्स्ट्रा झाला. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक कामं करत राहिला. पुढे तिथंच संगीत विभागात त्याला जागा मिळाली. काम काय, तर संगीतकार बुंदू खाँ आणि हबीब खाँ यांच्या हाताखाली पेटी वाजवायची. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅक लागला म्हणून ब्रँच बदलली, आणि त्या ब्रँचमध्येच गडी टॉपर निघाला.

त्याच काळात त्याला एक दोस्त भेटला. भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा पोरगा, मारामारीचे स्वस्त चित्रपट काढणारा. भगवाननं एक तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला, 'वनमोहिनी', १९४१ सालचा. त्याचं संगीत अण्णांचं. तमिळचा गंध नसताना! मग १९४२ मध्ये हिंदी 'सुखी जीवन'. सुरुवातीच्या चित्रपटांत नावं तरी किती लावली... कुठं राम चितळकर, कुठं अण्णासाहेब, कुठं श्यामू. गायला लागले की नुसतं चितळकर.

आता अण्णांना इथंच सोडून जरा सातासमुद्रापार जाऊन येऊ. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. जगण्यात संपली नाही. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांनी शेतातल्या हाका आणि चर्चमधली भजनं मिळून एक गाणं घडवलं, त्याला ब्लूज म्हणतात. साचा अगदी साधा, बहुतेक वेळा बारा मापांचा आणि तीन कॉर्डचा. पुढं पोटासाठी हे लोक लाखोंनी उत्तरेकडच्या शहरांत गेले, कारखान्यांत लागले. गाणंही त्यांच्याबरोबर गेलं, तिथं विजेच्या गिटारला जोडलं गेलं आणि वेगवान झालं. ठेक्याची गंमत अशी, की चार मात्रांत आपण पहिलीवर जोर देतो, सम गाठतो. यांनी जोर दिला दुसरीवर आणि चौथीवर. एकदा टाळी वाजवून बघा, पाय आपोआप हलायला लागतात.

पण या गाण्यांच्या तबकड्या गोऱ्यांच्या दुकानात वेगळ्या ठेवायच्या. त्यांना नावच होतं रेस रेकॉर्ड्स, म्हणजे वंशाच्या तबकड्या! १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं हे नाव बदलून ऱ्हिदम अँड ब्लूज केलं. १९५१ मध्ये मेम्फिसला आइक टर्नरच्या बँडनं 'रॉकेट ८८' रेकॉर्ड केलं. पुष्कळ जाणकार त्याला पहिल्या रॉक अँड रोल गाण्यांपैकी एक मानतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी इथं लक्ष द्यावं... वाटेत अॅम्प्लिफायर बिघडला होता, स्पीकरचा कोन फाटला होता. त्यात कागदाचे बोळे कोंबून काम भागवलं असं सांगतात. त्यातून जो खरखरीत आवाज निघाला, तोच पुढं स्टाईल झाला. आपण ज्याला डिस्टॉर्शन म्हणून मार्क घालवतो, त्यावर एक अख्खी इंडस्ट्री उभी राहिली!

याच सुमारास क्लीव्हलंडच्या रेडिओवर अॅलन फ्रीड हा गोरा निवेदक ही गाणी लावायला लागला आणि रॉक अँड रोल हे नाव घराघरात पोचलं. गोरी पोरं वेडी झाली. पण कंपन्यांना हवा होता गोरा चेहरा. बिग ममा थॉर्नटन या काळ्या गायिकेनं 'हाउंड डॉग' १९५३ मध्ये गाजवलं. तेच गाणं १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीनं गायलं आणि जगभर झालं. एल्विस गुणी होता, ज्यांच्याकडून शिकला त्यांना तो मानायचा, त्याबद्दल वाद नाही. पण बंगला कुणाचा झाला आणि भाड्याच्या खोलीत कोण मेलं, हेही इतिहासात लिहिलेलं आहे. थॉर्नटन १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बोर्डिंग हाऊसमध्ये गेली.

हे संगीत मुंबईत कसं आलं? ताजमहाल हॉटेलातून. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा काळा अमेरिकन कलावंत आपला जॅझ बँड घेऊन ताजमध्ये आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. मायदेशात ज्यांना कित्येक हॉटेलांत पुढच्या दारानं प्रवेश नव्हता, ते इथं साहेबांना आणि संस्थानिकांना नाचवत होते. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही, १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला.

या बँडमध्ये जागा रिकामी झाली की वाजवायला कोण? गोव्याची पोरं. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात गावच्या चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. शेती थोडी, नोकऱ्या नाहीत, म्हणून पोरं वाद्य काखेत मारून मुंबई गाठायची. धोबी तलावाकडं गावागावाच्या कूड होत्या, म्हणजे एका हॉलमध्ये रांगेनं पेट्या मांडून राहायची सोय. आपलं हॉस्टेलच म्हणा, फक्त वॉर्डनऐवजी गावचा संत. त्या पोरांतला एक होता आंतोनियो शाविएर वाझ, आल्दोन्याचा, जन्म १९१६. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. जगानं त्याला चिक चॉकलेट या नावानं ओळखलं.

१९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. बारच बंद, मग बँड कुणासाठी वाजणार? हॉटेलातलं काम आटलं आणि या वादकांची पावलं जास्तच फिल्म स्टुडिओंकडं वळली. तिथं अण्णा होते!

आणि इथं खरी गंमत झाली. अण्णांच्या हातात पेटी, डोक्यात राग. चिकच्या हातात ट्रम्पेट, डोक्यात जॅझ. एक सरगममध्ये बोलणार, दुसरा पाच रेघांच्या नोटेशनमध्ये. अण्णा चाल बसवायचे, गोवेकर अरेंजर ती ऐकून कागदावर उतरवायचे, कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते प्रत्येकाला लिहून द्यायचे, मधले तुकडे भरायचे. आपल्या संगीतात सगळे एकाच सुरावटीच्या मागं जातात. त्यांनी एका वेळी तीन-चार सूर एकमेकांवर रचले. म्हणजे आर्किटेक्ट अण्णा आणि स्ट्रक्चरल डिझाइन यांचं.

याची चाहूल आधीच लागली होती. १९४७ च्या 'शहनाई'त रविवारच्या भेटीचं खट्याळ गाणं, १९४९ च्या 'पतंगा'त रंगूनवरून येणारा टेलिफोन. १९५० च्या 'समाधी'त तर एका लॅटिन ढंगाच्या गाण्याची चाल सरळसरळ उचलली. हो, उचलली. आमच्या दोस्ताचं तेवढं म्हणणं खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मग आला १९५१ चा 'अलबेला'. नायक कोण, तर तोच भगवान! बोंगो वाजले, हवाईयन गिटार वाजली, आणि एका नाचात चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसला. सिनेमा बघाल तेव्हा नायकाच्या मागं वाजवणाऱ्यांकडं जरूर बघा. त्याच 'अलबेला'त पिलू रागातली एक अंगाईही आहे, ऐकताना डोळे मिटतात. दोन्ही एकाच माणसाचं काम.

मोठ्या माणसांना हे मुळीच रुचलं नाही. अमेरिकेत काही शहरांनी रॉक अँड रोलच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. आपल्याकडं १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस आणि शास्त्रीय संगीताचे भक्त. लोकांची कानं सुधारावीत हा हेतू. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई रेडिओ सिलोनवर नेली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली.

आणि त्याच १९५७ मध्ये 'आशा' चित्रपट आला. त्यातलं ईना मीना डीका किशोरकुमारनं गायलं, आशाबाईंनी वेगळं गायलं. आपल्याकडचं पहिलं रॉक अँड रोल गाणं म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. ते कसं जन्मलं याची एक गोष्ट सांगतात. म्युझिक रूमच्या बाहेर पोरं खेळत होती, राज्य कुणावर ते ठरवायला काहीबाही बडबडत होती. ती बडबड अण्णांनी आणि गीतकार राजेंद्र कृष्ण यांनी उचलली. बँडमधल्या जॉन गोम्स या गोवेकरानं त्यात कोकणी शब्दांची भर घातली, अर्थ साधा, मला नको! म्हणजे ठेका मिसिसिपीच्या शेतमजुरांचा, वाजवणारे गोव्याचे, चाल पुणतांब्याची, आणि बोल अंगणातल्या पोरांचे. आता याला ढापणं म्हणायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते 'समाधी'तलं गाणं ही जर्नलची कॉपी होती. 'आशा'तलं गाणं म्हणजे दुसऱ्याच्या जर्नलवरून विषय समजून घेऊन स्वतः केलेला प्रयोग.

अण्णांना नुसता वेस्टर्न संगीतकार म्हणणं मात्र अन्याय होईल. १९५३ च्या 'अनारकली'त त्यांनी दिलेल्या चाली लोक अजून विसरलेले नाहीत. कोल्हापूरच्या मातीतल्या व्ही. शांतारामांसाठी त्यांनी १९५९ मध्ये 'नवरंग' केला, तो पूर्ण देशी. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या युद्धानंतर, पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी जे गाणं गायलं, ते कवी प्रदीप यांचं आणि चाल अण्णांची. तेच गाणं आपण १५ ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून ऐकतो. देशाला रडवणारा आणि हॉस्टेलला नाचवणारा माणूस एकच!

साठीच्या दशकात वारं फिरलं. नवे संगीतकार आले, अण्णांकडचं काम कमी झालं. त्यांनी 'धनंजय' आणि 'घरकुल' हे मराठी चित्रपट काढले, गदिमांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या, १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत ते गेले. चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७ मध्ये गेला होता. भगवानदादा कर्जात बुडाले, बंगला-गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत परत आले आणि २००२ मध्ये तिथूनच शेवटच्या प्रवासाला निघाले.

फायनल इयरला आपण सगळे प्रोजेक्ट रिपोर्ट बांधून घेतो. त्यात पहिल्या पानांत आभाराचं एक पान असतं. खरं सांगा, ते आपण सीनियरच्या रिपोर्टवरून नुसती नावं बदलून छापतो की नाही? लॅब असिस्टंट, वेल्डिंग करून देणारा वर्कशॉपमधला मामा, रात्री दोन वाजता सर्किट चालू करून देणारा रूममेट... यांची नावं त्यात क्वचितच येतात. जुन्या तबकड्यांवर तर ते पानच नसायचं. संगीतकार आणि गायकाचं नाव असायचं, वाजवणारे आणि लिहून देणारे गोवेकर कुठंच नसायचे.

तेव्हा पुढच्या पावसात लाईट गेली, भेंड्या रंगल्या आणि 'ई' आला, तर गाणं जोरात म्हणाच. फक्त म्हणून झाल्यावर, पुढचं अक्षर देण्याआधी, नव्या पोरांना एवढं सांगा की यात पुणतांब्याचा एक अण्णा आहे, आल्दोन्याचा एक वाझ आहे, आणि ज्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत असे कापसाच्या शेतातले खूप जण आहेत. मग खुशाल 'क' वरून सुरू करा.