डॉ. केरी यांची बाग

मराठीचें व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं प्रसिद्ध करणारे डॉ. विल्यम केरी आमच्या वाचकांस नांवानें ठाऊक आहेत. त्यांचा विसावा कोठें होता, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. बंगाल्यांतील हुगळीकांठच्या श्रीरामपुरीं त्यांनीं सुमारें ५ एकरांची बाग लाविली होती. तेथें ते एकांतीं प्रार्थना करीत. इंग्लंडाहून आलेल्या बियांच्या पिशवींतील माती त्यांनीं झटकली, तींतून डेझीचें इवलेंसें रोप उगवलें, तेव्हां त्यांस केवढा आनंद झाला!

घरीं पत्नी डोरोथीबाई कित्येक वर्षें भ्रमिष्ट होत्या. १८०७ सालीं त्या वारल्या. १८१२ सालीं छापखाना जळून पुष्कळ हस्तलिखितें भस्म झालीं. अशा भाराखालीं विसावा घेणें हा आळस नव्हे, असें आम्हांस वाटतें. आमच्या उपदेशक बंधूंनीं त्याचा संकोच धरूं नये.

१८२३ सालच्या पुरानें बागेची धूळधाण केली. केरी साहेब तेव्हां ६२ वर्षांचे व आजारी होते. तरी बाग त्यांनीं पुन्हां उभी केली. १८३४ सालीं, शेवटच्या दुखण्यांत, पाय चालेनात तेव्हां त्यांस खुर्चींत बसवून तेथें नेत. आपल्यामागें सहकारी मार्शमन साहेब बागेंत गुरें सोडतील, ही त्यांची धास्ती. मार्शमन साहेबांनीं बाग जपण्याचें वचन दिलें.