वसईचे हुतात्मा संत गोन्सालो गार्सिया

आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ सालीं झाली. दूरच्या सॅव्हॉय प्रांतांतून संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नांवाच्या संघाचे धर्मगुरू समुद्र ओलांडून ह्या देशांत आले, व त्यांच्या कष्टांचें फळ आपण भोगीत आहों. परंतु प्रिय वाचकहो, त्यांच्या येण्यापूर्वीं जवळजवळ तीनशें वर्षें कोंकणच्या किनाऱ्यावरचा एक मुलगा हीच श्रद्धा घेऊन येथून पूर्वेकडे, थेट जपानांत गेला होता. महोत्सवाच्या ह्या प्रसंगीं त्याचें चरित्र आठवावें असें वाटतें.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. बाप पोर्तुगीज, आई ह्याच भूमीची. वसईच्या किल्ल्यांतील येशूसंघीयांच्या शाळेंत तो शिकला व पंधरा-सोळा वर्षांचा असतां धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्यानें इतकी आत्मसात केली कीं लोकांस धर्मशिक्षण देण्याचें काम त्याजकडे आलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्याची मोठी आस होती. ती पुरी झाली नाहीं. नकार पचविणें हें कधीं कधीं छळ सोसण्याहून कठीण असतें. तो मकावला जाऊन व्यापारी झाला आणि व्यापारांत त्याचें चांगलें बस्तान बसलें. परंतु पैशानें त्याचें मन भरलें नाहीं. सर्व सोडून तो मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू तो कधींच झाला नाहीं.

१५९३ मध्यें फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याजकडे वकील म्हणून पाठविलें, तेव्हां दुभाष्या म्हणून गोन्सालो बरोबर गेला. हिदेयोशीनें १५८७ मध्येंच मिशनऱ्यांस देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. तो कडकपणें अमलांत आला नव्हता इतकेंच. तरीही ह्या फकिरी वृत्तीच्या बंधूंनीं क्योटोंत उघडपणें मंदिर बांधिलें व महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. इतर मिशनरी सावधपणें, गाजावाजा न करितां काम करीत. हा उघडेपणा अविचाराचा होता असें म्हणणारे त्या काळींही होते, आणि त्यांचें म्हणणें अगदींच फोल नव्हतें. पण महारोग्याची सेवा लपून करितां येत नाहीं, हेंही खरें.

१५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यास लागलें. हिदेयोशीनें त्यावरील माल जप्त केला. त्यांतून संशय वाढला, व डिसेंबरांत बंधूंस पकडण्याचा हुकूम सुटला. ३ जानेवारी १५९७ रोजीं क्योटोंत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला व त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यांत आली. मग भर हिवाळ्यांत नागासाकीपर्यंतची वाट. निघाले तेव्हां चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघे आणखी त्यांत सामील झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकी हा मुलगाही होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर त्यांस क्रूसांवर बांधून भाल्यांनीं भोंसकलें. गोन्सालो आपल्या क्रूसापाशीं सर्वांच्या आधीं पोंचला अशी परंपरा आहे. ज्या भाषेसाठीं त्यास बरोबर आणिलें होतें, त्याच भाषेंत जमलेल्या लोकांस तो आतां धीर देऊं शकत होता. येथें त्याला दुभाष्या लागत नव्हता. त्या वेळीं त्याचें वय चाळीसच्या आसपास होतें.

१६२७ सालीं पोप आठवे अर्बन ह्यांनीं ह्या सव्वीस जणांस धन्यवादित ठरविलें, व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचें नांव घेतात. तोंपर्यंत वसईच्या किल्ल्यांतील मंदिरें कधींच ओस पडलीं होतीं. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं तो किल्ला घेतला होता. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ मध्यें सव्वीस जणांचें कांशाचें स्मारक उभें राहिलें. त्यांत आपला वसईकरही आहे.