गाडी बदलली, नाद नाही

शेगावात कॉलेज सुटलं, कचोरीच्या गाड्यापाशी पोरं जमली, की एक वाद हमखास पेटतो. कोणाची गाडी भारी? एक गट बजाजचा, एक यामाहाचा, एक बुलेटशिवाय दुसरं काही न मानणारा. त्यातल्याच कोणी दिवाळीला कंपनी बदलली की बाकीचे त्याला गद्दार ठरवूनच मोकळे होतात. पण राजेहो, कंपनी बदलणं ही खरंच गद्दारी असते का? या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्याने बियांकी, बुगाटी, अल्फा रोमिओ, मासेराती, ऑटो युनियन, फेरारी अशा एकमेकींच्या उरावर बसलेल्या कंपन्यांच्या गाड्या पळवल्या. तरी इटलीत आजही त्याचं नाव आदराने घेतात. तो म्हणजे तात्सिओ नुवोलारी.

१६ नोव्हेंबर १८९२ रोजी उत्तर इटलीत, मांतोव्हा शहराजवळच्या कास्तेल दारिओ या गावात त्याचा जन्म झाला. वडील आणि काका दोघंही सायकल शर्यतीतले. म्हणजे वेगाचं वेड घरातूनच आलेलं. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्याच्या गाड्या चालवल्या. मोटारसायकलच्या शर्यतीत उतरला तो थेट १९२० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी. आपल्याकडे या वयात पोराच्या मागे नोकरी नाहीतर लग्नाचा तगादा लागलेला असतो. याने तेव्हा कुठे सुरुवात केली!

१९२५ मध्ये अल्फा रोमिओने त्याला मोंझाच्या ट्रॅकवर चाचणीला बोलावलं. कंपनीचा मोठा ड्रायव्हर अंतोनिओ अस्कारी त्याच उन्हाळ्यात शर्यतीत गेला होता आणि त्याची जागा भरायची होती. नुवोलारी जोरात सुटला, पण गिअरबॉक्स अडकला, गाडी उलटली आणि त्याची पाठ सोलून निघाली. कारची नोकरी गेली. पुढच्याच आठवड्यात तिथेच मोटारसायकलची मोठी शर्यत होती. त्याने डॉक्टरांकडून गाडीवर बसल्याच्या अवस्थेतच अंगाला पट्ट्या आवळून घेतल्या. मेकॅनिकांनी उचलून त्याला बियांकीवर बसवलं आणि तो शर्यत जिंकला. धाडस म्हणून हे ऐकायला भारी वाटतं. पण असल्या हिमतीची किंमत त्याचं शरीर आयुष्यभर चुकवत राहिलं.

पुढे त्याने अकिले वार्झी या दोस्तासोबत बुगाटी गाड्या घेतल्या आणि स्वतःची टीम काढली. १९२८ मध्ये त्रिपोलीची शर्यत मारलीसुद्धा. पण एका टीममध्ये दोन वाघ किती दिवस राहणार? वार्झीने अल्फा रोमिओ घेतली आणि तो बाजूला झाला. ती गाडी बुगाटीपेक्षा वेगवान होती. नुवोलारी मागे पडायला लागला. आता अडून बसण्यात अर्थ नाही, हे त्याला कळलं. १९३० मध्ये तोही अल्फात गेला आणि त्या वर्षीची मिल्ले मिल्या, म्हणजे साध्या रस्त्यांवरून जाणारी हजार मैलांची शर्यत, त्याने वार्झीला मागे टाकून जिंकली. अंधारात हेडलाइट बंद करून तो वार्झीच्या मागे लपत गेला, असा किस्सा तेव्हापासून सांगतात. किस्सा किती खरा ते सोडा, पण शंभर किलोमीटरच्या वर सरासरी ठेवून ती शर्यत पूर्ण करणारा तो पहिला होता.

१९३२ हे त्याचं सोन्याचं वर्ष. अल्फाच्या पी-३ गाडीवर त्याने इटली आणि फ्रान्सच्या ग्रां प्री जिंकल्या आणि तो युरोपचा चॅम्पियन झाला. त्याच वर्षी कवी गाब्रिएले दान्नुन्झिओने त्याला सोन्याचं छोटं कासव भेट दिलं. सगळ्यात वेगवान माणसाला सगळ्यात हळू प्राणी! ते कासव त्याची कायमची खूण बनलं. पिवळी जर्सी, निळी पँट आणि छातीवर कासव.

अन् तेव्हाच गाडं अडलं. १९३३ मध्ये अल्फा रोमिओ पैशाच्या अडचणीत आली आणि पी-३ गाड्या कुलूपबंद झाल्या. अल्फाची टीम तेव्हा एन्झो फेरारी चालवायचा. स्वतःच्या नावाची कार बनवायला त्याला अजून अवकाश होता. त्याच्या हाती राहिल्या जुन्या गाड्या. नुवोलारीने वर्षाच्या मध्यातच फेरारीची साथ सोडली, मासेराती धरली आणि लगेच बेल्जियमची ग्रां प्री मारली. पण गंमत पुढे आहे. तो गेल्यावर अल्फाने त्या बंद पी-३ फेरारीला देऊन टाकल्या. इटलीच्या ग्रां प्रीत शेवटी शेवटी नुवोलारीच्या मासेरातीचं टायर गेलं आणि पहिली आली ती पी-३. थोडा धीर धरला असता तर? हा प्रश्न कंपनी बदलणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळतोच.

१९३४ मध्ये स्वतःच्या मासेरातीवर एकटाच लढताना अलेस्सांद्रियाला अपघात झाला आणि पाय मोडला. काही आठवड्यांतच बर्लिनला प्लास्टरसकट तो शर्यतीत हजर! तिन्ही पेडल डाव्या पायाने दाबता येतील अशी बसवून घेतली होती. पाचवा आला.

तोवर मैदानात जर्मन आले होते. मर्सिडीज आणि ऑटो युनियन. नाझी सरकारचा पैसा मागे, इंजिनं दांडगी. नुवोलारीला ऑटो युनियनमध्ये जायचं होतं, पण तिथे वार्झी आधीच पोहोचला होता आणि याचं जमलं नाही. इटलीत वरपासून दबाव होता. खुद्द मुसोलिनीने मध्यस्थी केल्याचं सांगितलं जातं. शेवटी ज्या फेरारीशी भांडून गेला होता, त्याच्याच दारात १९३५ मध्ये परत यावं लागलं. गाडी तीच पी-३, आता म्हातारी झालेली.

२८ जुलै १९३५. न्युर्बुर्गरिंग, जर्मनी. पाच मर्सिडीज, चार ऑटो युनियन आणि समोर ही थकलेली अल्फा. पिटमध्ये पेट्रोल भरायचा पंप बिघडला, डब्यांनी भरावं लागलं. दोन मिनिटांच्या वर वेळ गेला. बाहेर निघाला तेव्हा तो सहावा होता. तिथून त्याने एकेक गाडी गाठत आणली. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या मर्सिडीजच्या ब्राउखिचला वेग कमी करणं परवडेना. मागून येणाऱ्या लाल गाडीच्या धास्तीने त्याने झिजलेले टायर तसेच दामटले आणि मागचं टायर फाटलं. घरच्या गर्दीसमोर, नाझी पुढाऱ्यांसमोर इटलीचा बुटका माणूस जिंकला. जी गाडी त्याला नकोच होती, तिच्यावर त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत मारली. हे विसरू नका.

मग पुढे गाडी का सोडली? कारण १९३८ मध्ये पो इथे सरावात त्याच्या नव्या अल्फाची टाकी फुटली, गाडीने पेट घेतला. तो भाजला, कसाबसा वाचला. आदल्याच वर्षी त्याचा तरुण मुलगा जॉर्जिओ आजाराने गेला होता. अल्फासाठी आता पुन्हा नाही, असं त्याने ठरवलं. तिकडे ऑटो युनियनचा हिरो बेर्न्ट रोझेमायर विक्रमाच्या नादात जानेवारीतच मेला होता. ती जागा नुवोलारीला मिळाली. इंजिन ड्रायव्हरच्या मागे, त्यामुळे वळणावर गाडीचं बूड बाहेर फेकलं जायचं. भल्याभल्यांना ती झेपली नाही. याने ४५ व्या वर्षी ती नव्याने शिकून घेतली आणि त्याच मोसमात मोंझा आणि इंग्लंडमधलं डॉनिंग्टन जिंकलं. जिंकला खरा, पण नाझींच्या पैशावर उभ्या राहिलेल्या टीमसाठी. ही गोष्ट त्याच्या चरित्रातून पुसता येत नाही. आज ऑडीच्या बॉनेटवर दिसणाऱ्या चार कड्या या त्याच ऑटो युनियनच्या.

महायुद्धाने ऐन भरातली वर्षं खाल्ली. युद्धानंतर दुसरा मुलगाही आजाराने गेला. स्वतःची छाती खराब, रक्त पडायचं. तरी १९४७ ला छोट्याशा चिसितालियावर तो मिल्ले मिल्यात दुसरा आला. १९४८ ला ५५ व्या वर्षी पुन्हा उतरला आणि गाडी कोणाची होती? फेरारीची. आता फेरारी स्वतःच्या नावाने गाड्या बनवत होता. मडगार्ड उडालं, बॉनेट उडालं, तरी हा पुढेच. शेवटी गाडीनेच हात टेकले, माणसाने नाही.

११ ऑगस्ट १९५३ रोजी तो गेला. इच्छेप्रमाणे त्याला शर्यतीच्या कपड्यांतच पुरलं. अंत्ययात्रेला मांतोव्हात हजारोंची गर्दी लोटली होती. त्या गर्दीत अल्फावाले होते, मासेरातीवाले होते, फेरारीवालेही असतील. कोणी त्याला गद्दार म्हणून आठवलं नाही.

कारण त्याची निष्ठा टाकीवरच्या नावाशी नव्हतीच. ती हातातल्या कामाशी होती. जुनी गाडी मिळाली म्हणून त्याने कधी कमी जीव लावला नाही आणि नवी मिळाली म्हणून शिकायचं सोडलं नाही. गाडीने जिवाशी खेळ केला तेव्हा मात्र भावनेत न अडकता तो उठून गेला.

तेव्हा पुढच्या वेळी कचोरी खाता खाता दोस्ताने कंपनी बदलल्याचं सांगितलं, तर शिव्या घालायच्या आधी एवढंच बघा, की त्याला गाडी चालवता येते का. आणि हो, खामगाव रोडवर नुवोलारी व्हायला जाऊ नका. तो ट्रॅकवर पट्ट्या बांधून उतरायचा. आपल्या रस्त्यावर समोरून एसटी येते.